थंडीतील अनवाणी धाव : एक अभ्यास

(तृतीय वर्ष कला, मानसशास्त्र)

डिसेंबर उजाडला की आमच्या महाविद्यालयाच्या मैदानावर पहाटे एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. गवतावर दहिवर पडलेले असते, कुंपणापलीकडच्या द्राक्षबागांत थंडीपासून मणी वाचवण्यासाठी पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर जमिनीलगत पसरलेला असतो आणि त्या धुरातून दहा-पंधरा मुले अनवाणी फेऱ्या मारीत असतात. आमचा हा सगळा गोदाकाठचा मुलूख. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरल्याच्या बातम्या आपण वाचतोच. अशा थंडीत अनवाणी का धावता, असे कोणी विचारले तर या मुलांचे एक ठरलेले उत्तर असते. "पहिल्या दोन फेऱ्या त्रास होतो. मग काही वाटत नाही."

मीही दोन वर्षे हेच उत्तर देत होतो. प्रस्तुत लेख या एका वाक्याविषयी आहे. मी वैद्यकशास्त्राचा विद्यार्थी नाही, हे आधीच सांगून टाकतो. परंतु संवेदन हा आमच्या अभ्यासक्रमातला विषय आहे, आणि त्याचा एक धडा मला पुस्तकाआधी मैदानावर मिळाला.

मागल्या वर्षी जानेवारीत एका पहाटे मी नेहमीप्रमाणे धावत होतो. आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री स्पर्धा तीन आठवड्यांवर आली होती. मैदानाच्या एका कोपऱ्यात आदल्या रात्रीच्या कुठल्याशा कार्यक्रमाची फुटकी बाटली पडलेली होती, ती अंधारात दिसली नाही. दिसली नाही हे समजण्यासारखे आहे. पण जाणवलीही नाही, हे मला आजही नवल वाटते. मी त्यानंतर तीन फेऱ्या पूर्ण केल्या. मग इमारतीच्या ओट्यावर येऊन उभा राहिलो, तर एक मित्र म्हणाला, "अरे, हे रक्त कुणाचं?" शहाबादी फरशीवर माझ्या उजव्या पावलाचे लाल ठसे उमटत आले होते. मी पाय उचलून पाहिला. चवड्याखाली काचेचा तुकडा रुतून बसला होता आणि तीन फेऱ्यांत तो चांगला आत गेला होता. दुखू लागले ते अर्ध्या तासाने, पाय गरम झाल्यावर. आणि मग असे दुखले की विचारू नये. चार टाके पडले, स्पर्धा हुकली. असो. स्पर्धा पुढच्या वर्षीही येते. परंतु "मग काही वाटत नाही" या वाक्याचा अर्थ त्या दिवशी मला उलटा लागला, आणि तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो.

येथे एक गैरसमज होऊ नये. मी अनवाणी धावण्याच्या विरुद्ध नाही. आपल्याकडे अनवाणी खेळणे ही काही विलायतेहून आलेली टूम नव्हे. खो-खो, हुतुतू, लंगडी हे सारे खेळ आपल्या बापजाद्यांनी अनवाणीच खेळले. भारताच्या ऑलिंपिक इतिहासाचा आरंभही एका अर्थी अनवाणी पायांपासून झाला आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत दोराबजी टाटांनी शेतकरी कुटुंबांतली मुले अनवाणी धावताना पाहिली. शास्त्रशुद्ध शिक्षण नाही, आहाराचे नियम नाहीत, पायात काही नाही, आणि तरीही त्यांच्या वेळा दखल घेण्याजोग्या होत्या. त्यातूनच पुढल्या वर्षी अँटवर्पला खेळाडू पाठवण्याची कल्पना निघाली. त्या १९२० च्या मॅरेथॉनमध्ये फडेप्पा दरेप्पा चौगुले एकोणिसावे आले. ती शर्यत नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती, आणि हवा पावसाळी व गार होती. दख्खनच्या धावपटूला ती कशी बाधली असेल याची कल्पना आपण करू शकतो.

अनवाणी धावण्याचा विषय निघाला की अबेबे बिकिलाचे नाव येतेच. १९६० साली रोममध्ये इथिओपियाच्या या धावपटूने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंदांत मॅरेथॉन जिंकली. परंतु आमच्या मैदानावर हे उदाहरण देणारे दोन गोष्टी विसरतात. रोमची ती शर्यत सप्टेंबरातली, संध्याकाळी सुरू झालेली होती. तिथे थंडीचा प्रश्नच नव्हता. आणि चार वर्षांनी टोकियोत याच बिकिलाने बूट घालून, त्याहूनही कमी वेळात, पुन्हा सुवर्णपदक मिळवले. बूट न घालणे हे त्याचे व्रत नव्हते. रोममध्ये त्याला पायाला बसणारे बूट मिळाले नव्हते, एवढेच.

आपल्याकडच्या लताबाई करे यांचे उदाहरण तर सर्वांच्या माहितीचे आहे. साठी उलटलेल्या या बाई पतीच्या उपचारासाठी पैसे हवेत म्हणून बारामतीच्या शर्यतीत नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्यावरचा चित्रपट २०२० साली आला. त्यांच्या जिद्दीला नमस्कार करावा. पण त्यांच्या अनवाणी पायांचे कौतुक करताना ते पाय अनवाणी का होते हेही आठवावे, असे मला वाटते. या मुद्द्याकडे मी पुढे येणार आहे.

आता अनवाणी धावण्यात खरी गोम काय आहे ते पाहू. हार्वर्डचे डॅनियल लीबरमन आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहानपणापासून अनवाणी धावणारे लोक बहुधा चवड्यावर किंवा मधल्या पावलावर उतरतात, टाचेवर आदळत नाहीत. त्यामुळे जमिनीचा पहिला धक्का सौम्य होतो, असे त्यांना आढळले. पुढे २०१३ साली उत्तर केनियातल्या दासनच लोकांच्या पाहणीत मात्र अनवाणी राहणारे कितीतरी जण सावकाश धावताना टाचेवरच उतरतात असे दिसले. म्हणजे हा नियम वाटला तितका पक्का नाही. परंतु एक गोष्ट दोन्हींवरून लक्षात येते. अनवाणी माणूस जमिनीप्रमाणे, वेगाप्रमाणे आपले पाऊल बदलत असतो. हे तो विचार करून करीत नाही. तळवा वर बातमी पाठवतो आणि पाय तिच्याप्रमाणे वागतो.

मिनिटाला १६० पावले हा काही फार वेग नव्हे. त्या हिशेबाने प्रत्येक पाऊल मिनिटाला ८० वेळा आणि अर्ध्या तासात २४०० वेळा जमिनीला टेकते. तितक्याच वेळा तळवा सांगत असतो: येथे खडा आहे, येथे ओल आहे, येथे जमीन उतरती आहे, जरा हलके टेक. बुटात धावणाऱ्याला या बातम्यांची फारशी गरज नसते, कारण बुटाचा तळ त्याच्या वतीने खडे सोसत असतो. अनवाणी धावणाऱ्याचा बूट म्हणजे हे संवेदनच.

पण मग घट्ट्यांचे काय? आमच्या गावाकडे तळव्याला घट्टे पडलेल्या माणसाला "याच्या पायाला काय कळतंय" असे म्हणतात. ते चूक आहे. २०१९ साली, पुन्हा 'नेचर'मध्येच, केनियातल्या प्रौढ माणसांच्या पायांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे जाड असले तरी त्यांच्या तळव्याची संवेदनक्षमता त्यामुळे कमी झालेली नव्हती. घट्टा कठीण असतो, त्यामुळे दाब आतल्या मज्जातंतूंपर्यंत नीट पोचतो. मऊ बुटाचा तळ तो दाब गिळून टाकतो. म्हणजे निसर्गाने दिलेले हे पादत्राण संरक्षणही करते आणि बातमीही अडवीत नाही. यासारखी सोय कोणत्याही कारखान्याला अजून साधलेली नाही.

थंडी नेमकी या बातमीवर घाला घालते.

शरीराचा थंडीतला व्यवहार आपल्या किल्ल्यांच्या उदाहरणाने चटकन समजतो. वेढा कडक झाला की किल्लेदार माची सोडून देतो आणि बालेकिल्ला राखतो. हृदय, फुप्फुसे, मेंदू हा बालेकिल्ला. हातापायांची बोटे ही माची. बाहेर गारठा वाढला की कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, हातापायांकडे जाणारे गरम रक्त कमी होते आणि आतली ऊब आत राखली जाते. तळव्यात आणि तळहातात धमनी व नीला यांना थेट जोडणाऱ्या बारीक आडवाटा असतात. त्या उघडल्या की पाय झपाट्याने ऊब देतात, मिटल्या की झपाट्याने गार पडतात. म्हणून सगळ्या अंगाला घाम आलेला असतानाही पायाची बोटे बर्फासारखी असू शकतात.

पण निसर्ग माची अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. सर थॉमस लुईस या इंग्रज वैद्याने १९३० साली एक साधा प्रयोग वर्णन केला. बोट बर्फाच्या पाण्यात बुडवून ठेवले की आधी ते गार पडत जाते, दुखते. पण पाच-दहा मिनिटांनी त्यातल्या रक्तवाहिन्या आपोआप उघडतात आणि बोट पुन्हा थोडे गरम होते. मग पुन्हा मिटतात, पुन्हा उघडतात. हे मिटणे-उघडणे अंग आतून उबदार असेल तर जोमाने चालते. अंगच गारठलेले असेल तर ते मंदावते किंवा होतच नाही. आमच्या मैदानावर जी मुले आधी अंग गरम करून मग अनवाणी होतात त्यांना कमी त्रास का होतो, आणि अंथरुणातून उठून थेट दहिवरात उतरणाऱ्यांचे पाय निळे का पडतात, याचा उलगडा यात आहे.

येथे कोणी म्हणेल, मग दोन फेऱ्यांनंतर त्रास थांबतो तो या रक्तवाहिन्या उघडल्यामुळेच! क्वचित तसे असतेही. पाय खरोखर गरम होतात, गुलाबी दिसतात, गवताचे पाते न् पाते कळते. असे धावणे म्हणजे काय सुख आहे हे ज्याने अनुभवले त्यालाच ठाऊक. परंतु त्रास थांबण्याचे दुसरेही एक कारण आहे आणि ते अधिक वेळा खरे ठरते. गारठ्याने मज्जातंतूंतून जाणारा संदेश मंदावतो. कातडीचे तापमान पंधरा अंशांच्या आसपास आले की दुखू लागते. दहाच्या खाली स्पर्श बोथट होतो. सात-आठ अंशांवर पाय बधिर होतो. म्हणजे "मग काही वाटत नाही" या एका वाक्यात दोन अगदी विरुद्ध स्थिती लपलेल्या आहेत: पाय गरम झाला आहे, किंवा पाय मुका झाला आहे. धावणाऱ्याला आतून दोन्ही जवळजवळ सारख्याच वाटतात, कारण दोन्हींत वेदना थांबते. माझा घोळ झाला तो इथेच.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आपण दोन टोकांच्या कंपासाचा प्रयोग करतो. अर्न्स्ट वेबरने १८३४ साली त्याच्या ग्रंथात मांडलेला हा प्रयोग सोपा आहे: कंपासाची दोन टोके एकदम कातडीला टेकवायची आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचे, एक की दोन? टाके निघाल्यावर मी आणि दोन मित्रांनी हा प्रयोग तळव्यावर करून पाहिला. धावण्याआधी, घरात, ज्या अंतरावर आम्हाला "दोन" असे बिनचूक सांगता येत होते, त्याच अंतरावर दहिवरातून वीस मिनिटे धावून आल्यावर आम्ही "एक" म्हणत होतो, आणि एकदा तर एका मित्राने टोके टेकलेली असताना, "अरे, लाव ना लवकर!" असे म्हटले. आम्ही खूप हसलो. तिघांची मोजणी ती काय, तिला संशोधन म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण काच का कळली नाही हे मला त्या हसण्यात कळले. पाश्चात्त्य प्रयोगशाळांतही लोकांचे तळवे बर्फाने बधिर करून त्यांना चालावयास लावण्याचे प्रयोग झाले आहेत. बधिर भागावर माणूस भार कमी टाकतो, चाल बदलते, असे त्यांत आढळले. तेव्हा गारठलेल्या पायाने धावण्याची ढबही आपली राहत नाही.

ओल हा या साऱ्यातला मोठा वैरी आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. दहिवरात भिजलेला पाय दहा अंशांच्या हवेत जितका गार पडतो, तितका कोरडा पाय त्याहून पुष्कळ कमी तापमानालाही पडत नाही. जमिनीचेही तसेच. धावताना पाऊल जमिनीवर क्षणभरच असते, पण त्या क्षणभरात ओली फरशी, डांबर किंवा लोखंडी जाळी जितकी ऊब ओढून घेते तितकी कोरडी माती किंवा कोरडे गवत घेत नाही. थंड देशांतले लोक सांगतात की कोरड्या भुसभुशीत बर्फापेक्षा वितळू लागलेला चिखलबर्फ पायाला अधिक वाईट, त्याचे कारण हेच. कोरड्या बर्फात हवा कोंडलेली असते.

बर्फाचा उल्लेख आला की विम हॉफ या डच गृहस्थांचे नाव कोणीतरी घेतोच. त्यांची चित्रफीत आमच्या वसतिगृहात सर्वांनी पाहिली आहे. २६ जानेवारी २००७ रोजी फिनलंडमध्ये औलूजवळ ते बर्फावरून अनवाणी अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१ किलोमीटरहून थोडे अधिक, धावले. वेळ लागला २ तास १६ मिनिटे ३४ सेकंद. गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. पुढे इतरांनी तो विक्रम मोडला. माणसाचे पाय काय सोसू शकतात याचा हा पुरावा आहे, यात शंका नाही. परंतु त्याच २००७ साली हेच हॉफ केवळ अर्धी विजार आणि बूट घालून एव्हरेस्ट चढू गेले आणि सुमारे ७२०० मीटरवरून परत फिरले, ते पायाच्या दुखापतीमुळे. ही दुसरी गोष्ट चित्रफितीत पाहिल्याचे कोणी सांगत नाही. शिवाय विक्रमाच्या धावेत मागेपुढे माणसे असतात, डोळे असतात. आमच्या मैदानावर पहाटे साडेपाचला काळोख असतो.

सवयीने पाय तयार होतात, हाही एक आवडता मुद्दा आहे. काही अंशी तो खरा आहे. ब्रिटनमध्ये थंड पाण्यात रोज मासे कापणाऱ्या कामगारांच्या हातांचा १९६२ साली अभ्यास झाला; त्यांच्या बोटांतल्या रक्तवाहिन्या नवख्यांपेक्षा लवकर उघडतात असे दिसले. पण पुढच्या प्रयोगांत सर्वत्र तसे आढळले नाही. अनेकदा सवयीने कमी होते ती वेदना, गारठा नव्हे. पाय तेवढाच थंड पडतो, फक्त माणूस तक्रार करीनासा होतो. ज्याला आपण कणखरपणा म्हणतो त्यात किती भाग रक्ताचा आणि किती भाग न ऐकण्याचा, हे बाहेरून सांगता येणार नाही.

न दुखण्याचे मोल काय पडते हे ज्यांनी आयुष्यभर पाहिले, त्या डॉ. पॉल ब्रँड यांच्याविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. ब्रँड यांचा जन्म १९१४ साली भारतातच, तामिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात झाला. १९४६ पासून ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शल्यविशारद होते. त्या काळी कुष्ठरोगाने बोटे "झडतात", मांस आपोआप कुजते, असाच सर्वांचा समज होता, डॉक्टरांचासुद्धा. ब्रँड यांनी रोग्यांचे हातपाय बारकाईने तपासले, त्यांच्या दिवसभराच्या हालचाली पाहिल्या आणि त्यांच्या ध्यानात आले की रोगाने मज्जातंतू मारले जातात, पुढचे काम रोजच्या लहानसहान जखमा करतात. चुलीवरचे भांडे गरम लागत नाही, म्हणून हात भाजतो. खिळा टोचत नाही, म्हणून माणूस त्याच पायावर दिवसभर चालतो. निरोगी माणूस पायाला फोड येताच नकळत लंगडतो आणि ते लंगडणेच त्याचा पाय वाचवते. ज्याला वेदना नाही तो लंगडत नाही. ब्रँड यांनी मग अशा रुग्णांसाठी मऊ रबराच्या चपलांचा पुरस्कार केला. त्यांनी फिलिप यान्सी यांच्यासह १९९३ साली वेदनेवर एक पुस्तकही लिहिले. त्याच्या नावातच त्यांनी वेदनेला देणगी म्हटले आहे, कोणालाही नको असलेली देणगी.

हे वाचत असताना मला आमच्या गावचे एक आजोबा आठवले. त्यांचा रोग औषधांनी केव्हाच बरा झाला आहे, पण पायांची संवेदना परत आलेली नाही. संध्याकाळी पडवीत बसून ते दोन्ही पाय पाण्यात बुडवतात, पुसतात, तेल लावतात आणि मग एक लहानसा आरसा घेऊन तळवा उलटा करून पाहतात. लहानपणी आम्हा पोरांना त्याची गंमत वाटायची. माझ्या पायाचे टाके निघाल्यावर मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि विचारले, "आबा, रोज काय बघता?"

ते म्हणाले, "बाळा, तुझा पाय तुला सांगतो. माझा नाही सांगत. मग त्याला विचारायला नको?"

आमच्या मैदानावरच्या बधिर पायाची आणि आबांच्या पायाची बरोबरी करणे अतिरेकाचे आहे हे मला कळते. आमचा पाय अर्ध्या तासात पुन्हा बोलू लागतो. पण त्या अर्ध्या तासापुरते आपण त्यांच्याच जागी असतो, आणि ते जी काळजी घेतात ती आपण घेत नाही. उलट न दुखण्याचा अभिमान बाळगतो.

थंडीच्या दुष्परिणामांत हिमदंशाचे नाव प्रथम घेतले जाते, पण तो आपल्याकडच्या थंडीत होत नाही. कातडी गोठावयास शून्याच्याही किंचित खाली जावे लागते. आपल्याकडे भीती आहे ती निराळ्या गोष्टींची. बोटांवर लालसर, खाजणारी सूज येते, ती गारठ्यात नव्हे तर ऊब मिळाल्यावर काही तासांनी. टाचा उलतात, भेगांतून रक्त येते. कोकमतेल लावण्याचा आजीचा उपाय त्यावर आजही चांगलाच आहे. आणि पाय तासन्‌तास ओला व थंड राहिला तर न गोठताही त्यातल्या नसा व मांस बिघडते. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ च्या हिवाळ्यात, फ्रान्स-फ्लँडर्सच्या पाण्याने भरलेल्या खंदकांत हजारो सैनिकांचे पाय असे गेले. त्या आघाडीवर भारतीय पलटणीही होत्या. ते सगळे बूट घातलेले होते, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. ओला बूट हा कोरड्या अनवाणी पायाहून वाईट असतो.

पण सर्वांत जास्त धोका मला आपल्या शेकोटीचा वाटतो. धावून आल्यावर मुले बधिर पाय सरळ विस्तवासमोर धरतात. ज्या पायाला गार कळत नाही त्याला ऊनही कळत नाही. मागल्या हिवाळ्यात एका मित्राच्या तळव्याला असे फोड आले, आणि गंमत अशी की ते धावल्यामुळे आले असेच तो चार दिवस समजत होता. पाय चोळूही नयेत. कोरडे पुसून, मोजे घालून, पांघरुणात घ्यावेत किंवा कोमट पाण्यात सोडावेत; आणि पाणी कोमट आहे की कढत हे पायाने ठरवू नये, कोपराने पाहावे. आई तान्ह्याचे अंघोळीचे पाणी पाहते तसे.

आम्ही काही जण यंदा आमच्यापुरते काही पाळू लागलो आहोत. आधी बूट किंवा चप्पल घालून अंग चांगले गरम करायचे, मग अनवाणी व्हायचे. दहिवर सुकेपर्यंत गवतावर जायचे नाही, मातीच्या कोरड्या पट्ट्यावर धावायचे. मैदानाला एक फेरी आधी चालत घालायची आणि काचा, काटे, तारा उचलायच्या. दर फेरीला अंगठा आणि करंगळी हलवून पाहायची. बोटे वेगवेगळी कळली तर ठीक, सगळा चवडा एक लाकडाचा तुकडा वाटला तर तिथेच थांबून चप्पल घालायची, मग फेरी अर्धी राहिली तरी चालेल. दुखते आहे तोवर फार चिंता नाही. दुखायचे थांबले की तपासायचे. मधुमेह असणाऱ्यांनी, किंवा गारठ्यात ज्यांची बोटे पांढरीफटक पडतात अशांनी, या वाटेला जाऊच नये. आणि धावून झाल्यावर, आबांसारखे, तळवे उलटे करून पाहायचे. सुरुवातीला याची पुष्कळ थट्टा झाली. एकाने मला वाढदिवसाला आरसा दिला, तो मी अजून वापरतो.

राहता राहिला तो प्रश्न, जो वर सोडून दिला होता. अनवाणी धावणारे आमच्यात दोन प्रकारचे आहेत. काहींनी बूट काढून ठेवलेले असतात, काहींकडे ते नसतात. मैदानावर पाठीमागून पाहिले तर फरक दिसत नाही, आणि कदाचित म्हणूनच आपण सगळ्यांना एकाच मापाने "कणखर" म्हणून मोकळे होतो. पण ज्याने बूट काढले त्याला पाय बधिर झाल्यावर ते घालता येतात. दुसऱ्याला थांबणे एवढाच पर्याय असतो, आणि थांबला तर तो कच्चा ठरतो. हंगामात आमच्या भागातून ऊसतोडणीच्या गाड्या जातात; पहाटेच्या ओल्या फडात उतरणाऱ्या त्या बायामाणसांच्या पायांविषयी कोणी धैर्याचा शब्द काढत नाही. त्यांची मुले आमच्या वर्गात येऊन धावू लागली की मात्र आपण टाळ्या वाजवतो. मला स्वतःला या टाळ्यांचा आता थोडा संकोच वाटतो. जिमखान्याच्या सरांपुढे मी हे बोललो, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. आठवडाभराने सरावाची वेळ साडेपाचऐवजी सातची झाली, आणि जुन्या खेळाडूंनी दिलेले चार-पाच जोड जिमखान्याच्या कपाटात आले. मापाचे सगळ्यांना मिळाले असे नाही.

परवाच प्रथम वर्षाचा एक मुलगा फेऱ्या संपवून ओट्याशी आला. नवा आहे, चांगला धावतो. मी विचारले, "काय रे, पाय कसे आहेत?"

"पहिल्या दोन फेऱ्या त्रास झाला दादा," तो म्हणाला, "मग काहीच वाटलं नाही."

मी त्याला पायरीवर बसवले आणि तळवे वर कर म्हटले. डाव्या चवड्यात बारीक खडीचा एक खडा रुतलेला होता. तो त्याने नखाने काढला, हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि मग माझ्याकडे आरसा मागितला.